एनबीएचा उन्हाळा: संघाच्या कॅप स्पेसचा हिशोब घरबसल्या कसा मांडायचा

जूनमध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल संपते आणि नव्या प्रेक्षकाचा खरा गोंधळ तिथून सुरू होतो. सकाळी बातमी दिसते की अमक्या संघाकडे सहा कोटी डॉलरची कॅप स्पेस (पगारांच्या मर्यादेखाली उरलेली जागा) आहे. आठवडाभरात तोच संघ जवळपास पाच कोटींचा एक खेळाडू घेतो, पाठोपाठ आणखी दोघातिघांना घेतो, आणि वर स्वतःच्याच एका पोराला वर्षाला साडेतीन कोटींचा करार देतो. सहा कोटींत हे सगळं बसलं कसं, हे बातमीत कुठेच नसतं.

मी दर उन्हाळ्यात एकदोन संघांचा हा हिशोब स्प्रेडशीटवर मांडतो. गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही. डोकं लागतं ते क्रम समजायला: कोणती सही आधी, कोणती नंतर, कोणाचं नाव कागदावरून कधी खोडायचं. ते एकदा हातात बसलं की जुलैच्या बातम्या आपोआप उलगडतात.

उदाहरण म्हणून २०२४ चा फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स घेतो. त्या एका उन्हाळ्यात या खेळातल्या बहुतेक सगळ्या युक्त्या वापरल्या गेल्या, आणि निकालही आता माहीत आहे. रकमा सगळीकडे डॉलरमध्येच आहेत, फक्त आपल्या सवयीप्रमाणे कोटी-लाखांत. अमेरिकन बातमीत १४० मिलियन वाचलंत की १४ कोटी समजा.

## हाताशी काय हवं

- एक स्प्रेडशीट. मोबाइलवर जमतं, पण लॅपटॉपवर बरं.
- संघातल्या प्रत्येक खेळाडूचा पुढच्या मोसमाचा पगार. स्पोट्रॅकसारख्या साइटवर तो मोफत मिळतो.
- लीगने त्या वर्षासाठी जाहीर केलेले चार आकडे: सॅलरी कॅप (पगारांच्या बेरजेची मर्यादा), लक्झरी टॅक्सची रेषा (हिच्यावर गेलं की संघाला कर पडतो), आणि तिच्याही वरच्या, व्यवहारांवर बंधनं आणणाऱ्या दोन रेषा: पहिला ॲप्रन, दुसरा ॲप्रन.
- प्रत्येक खेळाडूची लीगमधली वर्षं आणि सलग या संघाच्या हक्कात किती वर्षं. हा रकाना नवखे लोक हमखास गाळतात आणि पुढे तिथेच अडकतात.
- अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ आपल्या वेळेत बदलून लिहिलेल्या चारपाच तारखा. त्या खाली दिल्या आहेत.

संघ कोणताही घ्या, पण एकच घ्या. आपल्याकडे अनेकांची सुरुवात सॅक्रामेंटो किंग्जपासून होते. मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळून गेला. प्रेम असलेला संघ घेतला की कंटाळा येत नाही, एवढंच.

## १. आधी रेषा आखून घ्या

स्प्रेडशीटच्या वरच्या कोपऱ्यात चार आकडे लिहा:

- २०२४-२५: कॅप १४.०६ कोटी, टॅक्स १७.०८ कोटी, पहिला ॲप्रन १७.८१ कोटी, दुसरा ॲप्रन १८.८९ कोटी
- २०२५-२६: कॅप १५.४६ कोटी, टॅक्स १८.७९ कोटी, पहिला ॲप्रन १९.५९ कोटी, दुसरा ॲप्रन २०.७८ कोटी

आयपीएलमध्ये २०२५ च्या मेगा लिलावाला प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपयांची पर्स होती. ती संपली की खेळ खलास. एनबीएची कॅप तशी नाही. बाहेरचा खेळाडू घेताना ती आडवी येते, पण आपला खेळाडू राखायला ती ओलांडता येते. म्हणूनच लीगमधले बहुतेक संघ वर्षभर कॅपच्या वरच असतात आणि त्यात नियमभंग काही नसतो.

कॅप १९८४-८५ च्या मोसमात आली तेव्हा ३६ लाख डॉलर होती. आता ती लीगच्या बास्केटबॉलमधल्या उत्पन्नावरून ठरते. त्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा. प्रसारणाचे हक्क महागले की कॅप वर. २०१६ मध्ये नव्या टीव्ही कराराचे पैसे एकदम आले आणि कॅप ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर उडाली. नियमित मोसमात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे अचानक जागा झाली आणि त्यांनी केव्हिन ड्युरांटला घेतलं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून २०२३ च्या करारनाम्यात कॅपची वाढ वर्षाला जास्तीत जास्त १० टक्के अशी बांधून टाकली आहे.

## २. खात्रीचे, अर्धवट आणि ऐच्छिक पगार वेगळे करा

खेळाडूंची नावं एका रकान्यात, पुढच्या वर्षाचा पगार दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्या रकान्यात त्या पगाराची जात लिहा. प्रकार चारच:

- पूर्ण हमीचा पगार. खेळाडूला सोडलं तरी द्यावाच लागतो.
- संघाचा ऑप्शन. पुढचं वर्ष ठेवायचं की नाही हे संघ ठरवतो.
- खेळाडूचा ऑप्शन. ठरवणारा खेळाडू. पॉल जॉर्जने २०२४ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सकडचा सुमारे ४.८८ कोटींचा ऑप्शन नाकारला आणि तो बाजारात आला.
- बिनहमीचा किंवा अर्ध्या हमीचा पगार. ठरलेल्या तारखेआधी सोडलं तर रक्कम कॅपवरून उतरते.

चौथा प्रकार बारकाईने वाचावा लागतो, कारण मजकूर कोणीही कसाही लिहू शकतो. सिक्सर्सच्या पॉल रीडची गोष्ट बघा. फ्री एजंट म्हणजे करार संपलेला खेळाडू. २०२३ मध्ये रीड मर्यादित फ्री एजंट होता, म्हणजे दुसऱ्या संघाने दिलेला करार आपल्या संघाने तसाच्या तसा मान्य केला तर खेळाडू परत येतो. युटा जॅझने त्याला तीन वर्षांचे सुमारे २.३ कोटी देऊ केले आणि आत एक कलम घातलं: संघ प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत गेला तर पुढच्या वर्षांची हमी लागू होईल. युटासारख्या नव्याने बांधणी करणाऱ्या संघाला त्या अटीची झळ बसणार नव्हती. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या फिलाडेल्फियाला मात्र ती नक्की बोचेल असा डाव होता. सिक्सर्सनी तरीही करार मान्य केला. २०२४ मध्ये ते पहिल्याच फेरीत न्यू यॉर्क निक्सकडून हरले, हमी लागू झाली नाही, आणि जुलैत सुमारे ७७ लाखांचा तो पगार त्यांनी एका सहीनिशी उतरवला. प्लेऑफमधला पराभव हिशोबात असा कामी येतो.

सापळा: बातमीतली एकूण रक्कम वर्षांनी भागू नका. जॉर्जचा फिलाडेल्फियाशी झालेला करार चार वर्षांचे सुमारे २१.१६ कोटी. भागाकार ५.२९ कोटी येतो, पण पहिल्या वर्षाचा पगार ४.९२ कोटी होता, कारण पगार दरवर्षी चढत जातो. कॅपवर पहिलं वर्ष मोजायचं. ३७ लाखांचा फरक म्हणजे बाकावरच्या दोन-तीन खेळाडूंचा किमान पगार.

## ३. कॅप होल्ड लिहा (हे नीट वाचा)

इथे निम्मे लोक गळतात. करार संपलेला खेळाडू ३० जूनला कागदावरून जात नाही. त्याच्या जागी एक काल्पनिक रक्कम बसते, तिला कॅप होल्ड म्हणतात. नाहीतर संघ आधी सगळे पैसे बाहेर उधळेल आणि मग बर्ड हक्काने स्वतःच्या सगळ्यांना परत बोलावेल. ती पळवाट बुजवायला हा होल्ड आहे.

बर्ड हक्क म्हणजे बोस्टनच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी सवलत: आपला खेळाडू कॅपच्या वर जाऊनही ठेवता येतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत:

- फ्री एजंट म्हणून संघ न बदलता तीन वर्षं झाली: पूर्ण बर्ड हक्क, कमाल पगारापर्यंत काहीही देता येतं.
- दोन वर्षं: आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते.
- एकच वर्ष: साधारण २० टक्के वाढ. किमान पगारावरच्या खेळाडूला याचा उपयोग जवळपास शून्य.

मधे ट्रेड (संघांमधली खेळाडूंची अदलाबदल) झाला तर ही वर्षं खेळाडूबरोबर नव्या संघाकडे जातात. म्हणून फेब्रुवारीत आलेल्या खेळाडूचेही पूर्ण हक्क जुलैत हाती असू शकतात.

पूर्ण हक्क असलेल्या खेळाडूचा होल्ड असा निघतो. आधीचा पगार सरासरीच्या वर असेल तर १५० टक्के, खाली असेल तर १९० टक्के. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या आणि नवखेपणीचा चार वर्षांचा करार संपवलेल्या खेळाडूला अनुक्रमे २५० आणि ३०० टक्के. कमाल पगाराच्या वर मात्र होल्ड जात नाही.

आता सिक्सर्सकडे बघा. टोबियास हॅरिसचा संपलेला पगार ३.९३ कोटी होता. त्याचे १५० टक्के कमाल पगाराच्या पुढे जातात, म्हणून होल्ड कमाल पगाराएवढा: ४.९२ कोटी. दुसरीकडे टायरीस मॅक्सी. २०२० च्या ड्राफ्टमधला, पगार फक्त ४३ लाख ४० हजार. तिप्पट केली तरी होल्ड १.३० कोटी. पण बाजारात त्याची किंमत कमाल पगाराची होती, म्हणजे कॅपच्या २५ टक्के, ३.५१ कोटी. या दोन आकड्यांमधल्या २.२१ कोटींवर अख्खा उन्हाळा उभा होता.

ऑक्टोबर २०२३ मध्येच मॅक्सीला मुदतवाढ देता आली असती. संघाने दिली नाही. तेव्हा अनेकांना तो कद्रूपणा वाटला. मुदतवाढ दिली असती तर जुलैत मॅक्सी ३.५१ कोटींनी मोजला गेला असता. थांबल्यामुळे तो १.३० कोटींनी मोजला गेला.

हॅरिसचा होल्ड कसा उतरवायचा? त्याच्यावरचा हक्क सोडून. मग बर्ड हक्कही जातो. तो खेळाडू परत हवा असेल तर खऱ्याखुऱ्या जागेतून किंवा किमान पगारावर घ्यावा लागतो. हॅरिस डेट्रॉइटला गेला.

सापळा: काही साइट होल्ड धरून आकडा दाखवतात, काही न धरता. दोन ठिकाणी दोन वेगळ्या कॅप स्पेस दिसल्या तर नव्वद टक्के वेळा कारण हेच असतं.

## ४. ड्राफ्ट आणि रिकाम्या जागा

पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराने सही केली नसली तरी त्याच्या क्रमांकाला ठरलेल्या पगाराचे १२० टक्के लगेच कॅपवर बसतात. दुसऱ्या फेरीतला खेळाडू सही होईपर्यंत मोजला जात नाही.

होल्ड धरून यादीत बाराहून कमी नावं असतील तर प्रत्येक रिकाम्या जागेसाठी नवख्याचा किमान पगार धरायचा. २०२४-२५ मध्ये तो ११ लाख ५७ हजार होता. क्षुल्लक वाटतो, पण आठ जागांचे ९३ लाख होतात.

टू-वे करारावरचे (मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळणारे) खेळाडू कॅपमध्ये धरू नका. त्यांची नावं वेगळ्या पानावर ठेवा.

## ५. वजाबाकी करा

हॅरिस आणि इतरांचे हक्क सोडले, रीडला सोडलं, की फिलाडेल्फियाचा कागद ढोबळमानाने असा दिसतो (कोटींत):

- जोएल एम्बीड, करार: ५.१४
- टायरीस मॅक्सी, कॅप होल्ड: १.३०
- जॅरेड मॅकेन, ड्राफ्टमधला सोळावा: ०.४०
- रिकी कौन्सिल, किमान पगार: ०.१९
- आठ रिकाम्या जागा: ०.९३
- बेरीज: ७.९६

१४.०६ मधून ७.९६ गेले, उरले ६.१०. बातम्यांमधले सहा कोटी ते हेच.

आता मॅक्सीच्या ओळीत १.३० च्या जागी ३.५१ टाकून बघा. बेरीज १०.१७, उरले ३.८९. जॉर्ज आला की एक रिकामी जागा भरते आणि तिचे १२ लाख परत मिळतात, तरी ४.०१. दहाहून जास्त वर्षं खेळलेल्या जॉर्जचा कमाल पगार कॅपच्या ३५ टक्के, म्हणजे ४.९२. बसत नाही. स्प्रेडशीटवर हा एक आकडा स्वतः बदलून बघा, दहा लेख वाचण्यापेक्षा जास्त कळतं.

(कमाल पगाराच्या तीन पायऱ्या: लीगमध्ये सहा वर्षांपर्यंत २५ टक्के, सात ते नऊ वर्षं ३० टक्के, दहा किंवा जास्त ३५ टक्के. पुरस्कार मिळवणाऱ्यांना एक पायरी आधी चढता येतं, पण पहिल्या वर्षी त्यात शिरू नका.)

## ६. सह्यांचा क्रम लावा

जागा आहे हे कळल्यावर ती कोणत्या क्रमाने वापरायची ते लिहा. सिक्सर्सचा क्रम तर्काने असा लागतो:

पहिला: जॉर्ज, ४.९२ कोटी. खरी जागा लागते, म्हणून आधी. आता सुमारे १.३० कोटी उरले.

दुसरा: उरलेल्या जागेत आंद्रे ड्रमंड आणि केलेब मार्टिन. दोघेही किमान पगारापेक्षा जास्त घेणारे, त्यामुळे त्यांनाही जागाच हवी.

तिसरा: केली उब्रे. तो आदल्या वर्षी किमान पगारावर होता, म्हणून त्याच्यावर नावापुरताच हक्क. पण जागा वापरून संपवलेल्या संघाला एक छोटी सवलत मिळते, तिला रूम एक्सेप्शन म्हणतात. २०२४-२५ मध्ये ती सुमारे ८० लाखांची होती. उब्रे तिच्यात बसला.

चौथा: मॅक्सी. आता कॅप भरली आहे आणि फरक पडत नाही. होल्ड पुसायचा, ३.५१ कोटींपासून सुरू होणारा पाच वर्षांचा सुमारे २०.३९ कोटींचा करार लिहायचा, बर्ड हक्काने कॅप ओलांडायची.

शेवटी: किमान पगारावरची मंडळी. एरिक गॉर्डन, काइल लाउरी वगैरे. किमान पगाराचा करार कॅपच्या कितीही वर असलात तरी देता येतो.

मॅक्सीची सही पहिल्या क्रमांकावर आणली तर खालचं काहीच बसत नाही. ही युक्ती जुनी आहे. सॅन अँटोनियो स्पर्सनी २०१५ मध्ये कवाय लेनर्डचा छोटा होल्ड तसाच ठेवून आधी लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं, नंतर लेनर्डला कमाल पगार दिला. त्यासाठी टियागो स्प्लिटरला अटलांटाला पाठवून वरची जागाही मोकळी केली होती.

यात जोखीम खेळाडूची असते. वर्षभर जुन्या पगारावर खेळायचं, दुखापत झाली तर संपलं, आणि संघाच्या शब्दावर विसंबायचं. मॅक्सीचं निभलं. पण प्रत्येकाचं निभत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात बाहेरच्या संघांकडे फारशी जागा नव्हती, त्यामुळे मर्यादित फ्री एजंटांना कोणी करार पुढे केला नाही. त्याच फिलाडेल्फियाचा क्वेंटिन ग्राइम्स ऑक्टोबर उजाडेपर्यंत अडकला आणि शेवटी एक वर्षाची सुमारे ८७ लाखांची क्वालिफाइंग ऑफर (मर्यादित फ्री एजंटवरचा हक्क टिकवायला संघ देतो तो प्रस्ताव) घेऊन बसला. म्हणून आपल्या संघाच्या कागदाबरोबर बाकी किती संघांकडे जागा आहे हेही एका कोपऱ्यात लिहून ठेवा. तुमच्या खेळाडूचा भाव त्यावर ठरतो.

आणि हो, हिशोब उत्तम जमला म्हणजे संघ जमला असं नव्हे. २०२४-२५ मध्ये एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, आणि सिक्सर्स २४ विजय, ५८ पराभवांवर संपले. माझ्या मते त्या उन्हाळ्यात क्रमात खोट काढायला जागा नाही. चौतिशीतल्या खेळाडूला चार वर्षं कमाल पगार द्यावा का, हा स्प्रेडशीटबाहेरचा प्रश्न होता.

## ७. संघाकडे जागाच नसेल तर

बहुतेक संघांची हीच स्थिती असते, तेव्हा कागद मिटवू नका. अशा संघाकडे बर्ड हक्क, किमान पगाराचे करार, आणि काही सवलती (कॅपच्या वर असूनही बाहेरचा खेळाडू घ्यायची मुभा) असतात. २०२५-२६ चे आकडे:

- पहिल्या ॲप्रनच्या खाली राहणाऱ्या संघांची मोठी मिड-लेव्हल सवलत: सुमारे १.४१ कोटी
- टॅक्स भरणाऱ्यांची छोटी मिड-लेव्हल: सुमारे ५७ लाख
- एका वर्षाआड वापरता येणारी द्विवार्षिक सवलत: सुमारे ५१ लाख

सापळा: मोठी मिड-लेव्हल वापरली, द्विवार्षिक वापरली, किंवा सही करून ट्रेड झालेला खेळाडू घेतला, की पहिला ॲप्रन त्या वर्षापुरता पक्की भिंत होतो. एक डॉलरही वर जाता येत नाही. छोटी मिड-लेव्हल वापरली तर हीच भिंत दुसऱ्या ॲप्रनवर उभी राहते. सवलत वापरल्याक्षणी ती ओळ लाल करून ठेवा. फेब्रुवारीत ‘हा ट्रेड का करत नाहीत?’ असा प्रश्न पडला की उत्तर त्या लाल ओळीत सापडतं.

## ८. टॅक्स आणि दोन ॲप्रन तपासा

लक्झरी टॅक्स नियमित मोसमाच्या शेवटच्या दिवशीच्या पगारावर मोजतात. त्यामुळे जुलैत रेषेच्या थोडा वर असलेला संघ फेब्रुवारीत एखाद्याला विकून खाली येतो. घाबरून जाऊ नका. पण वारंवार टॅक्स भरणाऱ्यांचा दर चढा असतो, तिथे मालकाचा खिसा बोलायला लागतो.

ॲप्रनचा प्रश्न पैशाचा कमी, हात बांधले जाण्याचा जास्त. दुसऱ्या ॲप्रनच्या वरच्या संघाला मिड-लेव्हल नाही, ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, पाठवलेल्यापेक्षा जास्त पगार घेता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही. सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमधला निवडीचा हक्क) गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही, आणि वारंवार तिथे राहिलात तर तो फेरीच्या तळाशी ढकलला जातो.

बोस्टन सेल्टिक्स २०२४ चे विजेते. २०२५ च्या प्लेऑफमध्ये त्यांचा मुख्य खेळाडू जेसन टेटमच्या पायाचा ॲकिलिस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटला आणि पुढचं वर्ष हातचं जाणार असं दिसलं, तसा एवढा पगार बाळगण्यात अर्थ उरला नाही. जून संपायच्या आत जरू हॉलिडेला पोर्टलंडला आणि क्रिस्टाप्स पोर्झिंगिसला अटलांटाला पाठवायचं ठरलं. बास्केटबॉलच्या नजरेने ते ट्रेड बघाल तर डोकं गरगरेल. कागदावर दुसऱ्या ॲप्रनच्या ओळीकडे बघितलं की लगेच त्यांचा अर्थ लागतो.

बोनसबद्दल एक बारीक गोष्ट: ‘मिळण्याची शक्यता कमी’ अशा वर्गातला बोनस कॅपमध्ये धरत नाहीत, ॲप्रनमध्ये धरतात. कडेवर उभ्या संघासाठी वेगळा रकाना करा.

## ९. जागा खेळाडूंवरच खर्च होते असं नाही

२०२५ मध्ये भरपूर जागा असलेला संघ जवळजवळ एकटा ब्रुकलिन नेट्स. त्यांनी मोठ्या नावांच्या मागे न लागता दुसऱ्यांचे जड पगार घेतले आणि त्याचं भाडं वसूल केलं. डेन्व्हरकडून सुमारे ३.८३ कोटींचा मायकल पोर्टर ज्युनियर आला, बदल्यात कॅम जॉन्सन गेला, आणि वर डेन्व्हरने २०३२ चा पहिल्या फेरीचा पिक कोणत्याही संरक्षणाविना, म्हणजे क्रमांक कितीही वरचा आला तरी, दिला. हरणाऱ्या संघाने जागा अशी वापरलेली मला नेहमीच जास्त शहाणपणाची वाटते.

उलट टोकाला मिलवॉकी बक्स. डेमियन लिलार्डलाही २०२५ च्या प्लेऑफमध्ये ॲकिलिसचीच दुखापत झाली. त्याच्या कराराची दोन वर्षं उरली होती, सुमारे ११.३ कोटी. संघाने त्याला सोडलं आणि रक्कम ताणली. नियम असा: उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक. दोनची पाच झाली. त्यातून माइल्स टर्नरला घेण्याइतकी जागा झाली, पण पाच वर्षं दरवर्षी सुमारे २.२५ कोटी संघात नसलेल्या माणसाच्या नावे कॅपवर बसणार. अशी ओळ दिसली की ती पुढच्या पाचही वर्षांच्या पानांवर आत्ताच लिहून टाका. नंतर विसरायला होतं.

## १०. तारखा आपल्या घड्याळात

- फायनल संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून संघाला स्वतःच्या फ्री एजंटांशी बोलता येतं.
- २९ जून: बहुतेक ऑप्शन आणि क्वालिफाइंग ऑफरचा शेवट याच सुमारास.
- १ जुलै, पहाटे साडेतीन: बाकी सगळ्यांशी बोलणी खुली. तिकडे ती ३० जूनची संध्याकाळ असते. कॅपचा अधिकृत आकडाही त्याच दिवशी येतो.
- ६ जुलै, रात्री साडेनऊ: बहुतेक सह्या खऱ्या अर्थाने इथून.

सापळा: १ ते ६ जुलैच्या बातम्यांमध्ये ‘करार ठरला’ म्हणजे सही झाली असं नसतं. त्या दिवसांत होल्ड पुसू नका. मॅक्सीबद्दलची ‘ठरलं’ ही बातमीही सुरुवातीलाच आली होती, आणि कागदावर तो १.३० कोटींचाच राहिला म्हणून तर बाकीचं बसलं. मी ठरलेले करार पिवळ्या रंगात आणि सही झालेले हिरव्यात ठेवतो.

पहाटेचा गजर लावायचा की नाही तुम्ही ठरवा. पहिल्या तासात मोठी नावं पटापट पडतात, मजा असते. पण हिशोब मांडायला सकाळी चहाबरोबर बसलात तरी काही बिघडत नाही.

## ११. डोकी मोजा

उन्हाळ्यात टू-वे धरून २१ जणांपर्यंत यादी चालते. मोसम सुरू होताना नेहमीचे करार जास्तीत जास्त १५ आणि टू-वे ३. पंधरावी जागा बरेच संघ मुद्दाम रिकामी ठेवतात. टॅक्स वाचतो आणि फेब्रुवारीत करार मोडून बाहेर पडलेल्या एखाद्या अनुभवी खेळाडूसाठी जागा राहते. पहिल्या ॲप्रनच्या वरच्या संघाला मात्र त्यातले महागडे खेळाडू घेता येत नाहीत.

खालची बाजूही बघा: मोसम सुरू होईपर्यंत संघाचा पगार कॅपच्या ९० टक्क्यांवर जायलाच हवा. सप्टेंबरमध्ये एखादा संघ कारण नसताना कोणाचा तरी मोठा पगार उचलताना दिसला तर आधी ही ओळ तपासा.

पहिल्या उन्हाळ्यासाठी असा संघ घ्या ज्याचे तीनचारच करार संपत आहेत आणि ज्यांत नवखेपणीचा करार संपवणारा एक चांगला पोरगा आहे. फायनलच्या आठवड्यात कागद तयार ठेवा, होल्डचा रकाना भरा, आणि त्या पोराच्या ओळीत एकदा होल्ड आणि एकदा कमाल पगार टाकून फरक बाजूला लिहा.